बाळाच्या वाटीतलं शिसं : डब्याआधी हळदीकडे बघा

उष्टावण झालं की कोल्हापुरातल्या बऱ्याच घरांत दोन पक्ष पडतात. एक आजीचा : नाचणीचं सत्त्व, गुरगुट्या भात, मुगाच्या वरणाचं पाणी. दुसरा आईबाबांचा. त्यांनी मेडिकलमधून सिरियलचा डबा आणून ठेवलेला असतो. मग कधीतरी घरच्या ग्रुपवर एक मेसेज येऊन पडतो : अमेरिकेत बाळांच्या खाण्यात शिसं आणि आर्सेनिक सापडलं. आजीपक्ष न बोलता जिंकतो, डबा कपाटाच्या वरच्या फळीवर जातो आणि विषय मिटतो.

बातमी खोटी नसते. २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकी संसदेच्या एका उपसमितीने तिथल्या मोठमोठ्या कंपन्यांच्या बेबी फूडमध्ये जड धातू असल्याचा अहवाल खरोखरच दिला होता. पण त्यातून ‘डब्यातलं वाईट, घरचं चांगलं’ असा अर्थ काढणं चूक आहे. धातू मातीत असतात, मातीतून पिकात येतात, आणि पीक कंपनीत गेलं काय किंवा आपल्या पातेल्यात आलं काय, त्यातला धातू तसाच राहतो. धुऊन, उकळून, तळून तो नष्ट होत नाही. जंतू मरतात, धातू मरत नाही. आपल्या स्वयंपाकघरात तर डब्यापेक्षा मोठे मार्ग आहेत आणि त्यांच्याबद्दल ग्रुपवर कुणी काही पाठवत नाही.

चार नावं, पण लक्ष एकावर

मुलांच्या खाण्याच्या संदर्भात चार धातूंची नावं येतात : शिसं, आर्सेनिक, कॅडमियम आणि पारा. (आर्सेनिक शास्त्रानुसार पूर्ण धातू नाही, पण त्यांच्याच पंगतीत बसतं.) चारही वाईट, तरी कोल्हापूरच्या घरात मी सगळ्यात आधी शिशाकडे बघेन. आर्सेनिकचं मोठं संकट गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या भूजलाचं आहे; आपण दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसलोय. पारा मुख्यतः मोठ्या माशांतून येतो. शिसं मात्र प्रदेश बघत नाही. ते मसाल्यात असू शकतं, भांड्यात, रंगात, कामावरून आलेल्या बापाच्या शर्टावरसुद्धा.

युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ या संस्थेने २०२० मध्ये मांडलेला अंदाज असा : जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे. म्हणजे दर तीन मुलांमागे एक. त्यातली साडेसत्तावीस कोटींच्या आसपास मुलं भारतातली. आपल्याकडे शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, घराच्या रंगातल्या शिशावर २०१६ च्या नियमांनी ९० पीपीएमची, म्हणजे किलोमागे ९० मिलिग्रॅमची, मर्यादा घातली, तरी हा आकडा उरलाय.

शिसं शरीरात काय करतं? शरीर त्याला कॅल्शियम समजतं. जिथं कॅल्शियम जायचं तिथं ते शिरतं : हाडांत, दातांत, आणि मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप देतात त्या सांध्यांत. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूत असे सांधे भराभर तयार होत असतात आणि नको असलेले छाटलेही जात असतात. त्याच काळात तिथं शिसं पोचलं तर घडण बिघडते, आणि पुढे शिसं कमी झालं तरी ती घडण पुन्हा तशी होत नाही. बुद्ध्यांक काही अंकांनी घसरतो, लक्ष टिकत नाही, वागण्यात उतावळेपणा वाढतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी पातळीच माहीत नाही. आठवड्याला इतकं चालेल अशी एक मर्यादा पूर्वी होती. अन्नातल्या विषारी घटकांचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीने ती २०१० मध्ये मागे घेतली, आणि तिच्या जागी नवी दिली नाही.

मुलांचं आणखी एक दुर्दैव आहे. मोठ्या माणसाच्या पोटात शिसं गेलं तर साधारण दहावा हिस्सा अंगाला लागतो, बाकीचं शौचावाटे बाहेर पडतं. लहान मुलाच्या बाबतीत ते प्रमाण ४० ते ५० टक्क्यांपर्यंत जातं. शिवाय वजनाच्या मानानं मूल आपल्यापेक्षा जास्त खातं, आणि जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं.

इथं घरातल्या वडीलधाऱ्यांचा ठरलेला प्रश्न येतो : ‘आमची पोरं काय असलं तपासून वाढवली व्हती? ती काय दगडं निघाली व्हय?’ प्रश्न रास्त आहे, टाळू नये. उत्तर असं की एका मुलाचे चार-पाच अंक गेले तर कुणाच्याच लक्षात येत नाही, आईच्याही नाही. ते मूल शाळेत जातं, पास होतं, कामाला लागतं. ते आणखी किती पुढे गेलं असतं हे बघायला दुसरं तेच मूल नसतं. नुकसान दिसतं ते हजारो मुलांची सरासरी काढली की.

पीपीएम, पीपीबी आणि पाव ग्रॅम हळद

या विषयात आकडे नीट वाचता आले नाहीत तर माणूस एक तर उगाच घाबरतो, नाही तर उगाच निर्धास्त राहतो. म्हणून थोडा हिशेब करूया. एक पीपीएम म्हणजे किलोमागे एक मिलिग्रॅम. एक पीपीबी त्याचा हजारावा भाग, म्हणजे किलोमागे एक मायक्रोग्रॅम. कारखान्याच्या गेटवर वीस-वीस टनांच्या पन्नास जोड-ट्रॉल्या उसाने भरून उभ्या आहेत, आणि त्या सगळ्या उसात मिळून एक ग्रॅम शिसं आहे, तर ते झालं एक पीपीबी.

आता अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये बेबी फूडसाठी काय ठरवलं ते बघा. फळं, बहुतेक भाज्या, दही यांच्या तयार पदार्थांत शिसं १० पीपीबीपर्यंत. फक्त कंदमुळांच्या प्युरीत आणि कोरड्या सिरियलमध्ये २० पीपीबीपर्यंत. बाळाने दिवसाला २५ ग्रॅम कोरडं सिरियल खाल्लं आणि त्यात अगदी मर्यादेइतकं, २० पीपीबी शिसं असलं, तर पोटात अर्धा मायक्रोग्रॅम गेलं. त्याच प्रशासनाने मुलांसाठी अन्नातून येणाऱ्या शिशाचा संदर्भ-आकडा दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम धरलाय. त्यातही सुमारे दहापट सावधगिरी आधीच मिळवलेली आहे, म्हणजे २.२ ओलांडलं की विषबाधा झाली असा त्याचा अर्थ नाही. पण मोजायला तो आकडा बरा.

आता आपल्या हळदीकडे या. भारतात हळदीतल्या शिशाची कायदेशीर मर्यादा आहे १० पीपीएम. पीपीबी नव्हे, पीपीएम. म्हणजे ग्रॅममागे १० मायक्रोग्रॅम. पाच माणसांच्या घरात रोज साधारण चमचाभर, तीनेक ग्रॅम हळद लागते असं धरू. घरचंच वरण-भाजी खाणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाच्या वाट्याला पाव ग्रॅम आली, आणि ती हळद मर्यादेच्या काठावरची असली, तर २.५ मायक्रोग्रॅम. कायद्यात पूर्ण बसणारी हळद, तरी सिरियलच्या पाचपट.

चांगल्या हळदीत शिसं या काठाच्या बरंच खाली असतं, हे लगेच सांगायला हवं. हळदीचा स्वतःचा काही दोष नाही. दोष आहे तो लेड क्रोमेट नावाच्या झगझगीत पिवळ्या रंगाचा. रस्त्यावरच्या पिवळ्या पट्ट्यांच्या पेंटमध्ये वापरला गेलेला हा रंग. हळकुंड फिकं पडलं, डागाळलं, तर ते उजळ दिसावं म्हणून काही ठिकाणी तो चोळला जातो. भेसळीच्या हळदीत शिसं १००० पीपीएमच्याही वर सापडलंय. मघाचाच हिशेब पुन्हा करा : पाव ग्रॅममध्ये २५० मायक्रोग्रॅम. इथं सावधगिरीबिवधगिरीचा प्रश्नच उरत नाही, हे सरळ विष आहे.

हे कसं सुरू होतं आणि कसं थांबवता येतं, याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण बांगलादेशचं आहे. तिथं १९८० च्या दशकात पुरानं हळद भिजली, काळवंडली. ओलं पीक विकायचं कसं, म्हणून पॉलिश करणाऱ्यांनी पिवळा रंग घालायला सुरुवात केली. पूर ओसरला, सवय राहिली. गिऱ्हाइकाला झळझळीत पिवळीच हळद हवी झाली. पुढे गरोदर बायकांच्या रक्तात शिसं का येतंय याचा शोध घेताना ढाक्यातल्या आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांना माग लागला तो हळदीचा. २०१९ मध्ये त्यांनी हे छापलं, वर्तमानपत्रांनी उचललं, सरकारने ढाक्याच्या घाऊक बाजारात छापे घातले, व्यापाऱ्यांना दंड केला, दुकानांत फलक लावले. बाजारातल्या नमुन्यांपैकी शिसं सापडणाऱ्यांचं प्रमाण २०१९ मध्ये ४७ टक्के होतं. २०२१ मध्ये शून्य. हळद पॉलिश करणाऱ्या गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातलं शिसंही उतरलं. दोन वर्षांत, फारसा खर्च न होता. सरकारने मनावर घेतलं तर काय होतं हे इतक्या थोडक्यात दाखवणारं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

त्याच संशोधकांनी मग भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंकेतल्या हळदी तपासल्या आणि निष्कर्ष २०२४ मध्ये आले. सगळ्यात वाईट नमुन्यांत पाटण्याचं नाव होतं.

आपल्याला सांगलीची पेठ पन्नास किलोमीटरवर. तिथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. ओळखीच्या शेतकऱ्याकडून किंवा पेठेतून हळकुंड आणून दळून घेणारी घरं अजून पुष्कळ आहेत, आणि ते चांगलंच आहे, फक्त एक समजूत सोडा. ‘अख्खं हळकुंड आहे, म्हणजे भेसळ नाही’ असं नसतं. लेड क्रोमेट बहुतेक वेळा पॉलिश करतानाच, म्हणजे अख्ख्या हळकुंडाला लागतं. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, यासाठी घरी करता येण्याजोगी एक चाचणी दिलीय : काचेच्या पेल्यात पाणी घ्या, त्यात हळकुंड टाका. शुद्ध हळकुंड पाण्यात लगेच रंग सोडत नाही. रंग चोळलेलं असलं तर पिवळा रंग ताबडतोब उतरतो. ही चाचणी ढोबळ आहे, पीपीएम सांगत नाही, पण अघोरी भेसळ पकडते. आणि दुकानात सगळ्यात पिवळी दिसते म्हणून ती उचलायची सवय मोडली पाहिजे. पॉलिश न केलेलं हळकुंड मातकट, खरबरीत दिसतं. दिसू द्या.

दालचिनीचंही असंच. २०२३ च्या अखेरीस अमेरिकेत सफरचंदाच्या प्युरीची पाकिटं खाऊन शेकडो मुलांच्या रक्तात शिसं चढलं. सफरचंदाचा काही दोष नव्हता. त्यात घातलेल्या दालचिनीच्या पुडीत लेड क्रोमेट होतं. पूड जितक्या हातांतून फिरते तितक्या ठिकाणी काही तरी मिसळायची सोय होते. डंकावर चटणी कुटायला नेताना दालचिनी, लवंग, धणे आपण अख्खे निवडून नेतो ती जुनी पद्धत त्यामुळे शहाणपणाची आहे, आणि तीच शिस्त हळदीलाही लावावी.

मॅगीचं प्रकरण आठवत असेल. २०१५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका नमुन्यात १७.२ पीपीएम शिसं आढळल्याचा अहवाल आला, मर्यादा होती २.५. जूनमध्ये देशभर बंदी झाली, ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण तपासण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत झाल्या नव्हत्या. फेरतपासणीत शिसं मर्यादेत निघालं आणि नोव्हेंबरमध्ये नूडल्स पुन्हा दुकानात आल्या. त्यातून कंपनी दोषी की निर्दोष हा वाद आपल्या डोक्यात राहिला. मला त्यातली प्रयोगशाळेची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. शिशाचा आकडा कुठं आणि कशावर मोजला हे कळल्याशिवाय त्या आकड्यावर भांडण्यात अर्थ नाही. युट्यूबवर कुणी पट्टी बुडवून ‘बघा शिसं’ म्हणत असेल तर त्यावरही हेच लागू.

जर्मनचं पातेलं

मसाल्यानंतर भांडं. आपण ज्याला जर्मनचं भांडं म्हणतो ते ॲल्युमिनियमचं, आणि थोडं जाड, मिश्रधातूचं असलं की हिंडालियम. ॲल्युमिनियम स्वतः जड धातू नाही आणि चांगल्या प्रतीच्या पत्र्याचं भांडं वेगळी गोष्ट. अडचण आहे ती भंगार वितळवून ओतलेल्या स्वस्त भांड्यांची. त्या भंगारात इंजिनाचे तुकडे, रेडिएटर, डाग दिलेले जोड, काय वाट्टेल ते असतं, आणि त्यातलं शिसं भांड्यात उतरतं. अमेरिकेत अफगाण निर्वासितांच्या मुलांच्या रक्तात शिसं का येतंय हे शोधताना सिॲटलमधल्या संशोधकांनी घरची भांडीच तपासली; ॲल्युमिनियमच्या काही पातेल्यांतून आणि प्रेशर कुकरांतून शिसं अन्नात उतरत होतं, स्टेनलेस स्टीलमधून जवळजवळ नाही. २०२५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने भारतातून गेलेल्या हिंडालियम प्रकारच्या काही भांड्यांबद्दल जाहीर इशाराही दिला.

आंबट पदार्थ शिसं जास्त ओढून काढतो आणि तो जितका वेळ भांड्यात राहील तितकं जास्त. चिंचेची आमटी, टोमॅटोचं सार, ताकाची कढी, कोकम : हे असल्या भांड्यात शिजवू नका, आणि शिजवलंच तर सकाळचं संध्याकाळपर्यंत त्यातच ठेवू नका. बाळापुरतं बोलायचं तर एक छोटं स्टीलचं पातेलं आणि स्टीलचा छोटा कुकर. इतकं केलं की भांड्याचा प्रश्न मिटला.

पितळी भांडी परत फॅशनमध्ये आलीत. त्यांना कल्हई करून घेताना कथील शुद्ध आहे का हे विचारा. कथिलात स्वस्तातलं शिसं मिसळलं तर कल्हई दिसायला तीच दिसते. आणि पितळेत घडणीच्या सोयीसाठी थोडं शिसं घातलेलं असू शकतं, म्हणून पितळेची वाटी बाळाच्या ताटात आणू नये. देव्हाऱ्यात शोभते, तिथंच ठीक.

भजी, भेळ, वडापाव वर्तमानपत्रात बांधून देण्याची आपली रीत मात्र सरळ बंद व्हावी. छपाईच्या शाईत शिसं असू शकतं, गरम आणि तेलकट पदार्थ शाई ओढतो, आणि वर्तमानपत्रात अन्न बांधायला नियमांनी मनाई आहेच. खाऊगल्लीत मुलासाठी घेताना ‘कागद नको, डिशमध्ये द्या’ म्हटलं तर कुणी रागवत नाही.

गुळाचा उल्लेख केला नाही तर कोल्हापूरचा लेख पुरा होणार नाही, म्हणून सांगतो : पिवळ्याधमक गुळाबद्दलची तक्रार वेगळी आहे. रंग उजळायला वापरतात ती हायड्रॉस पावडर, ती गंधकाची रसायनं आहेत, जड धातू नव्हे. ती नको हे बरोबरच. पण सगळ्या भेसळी एकाच पोत्यात भरल्या की कशाला किती घाबरायचं तेच कळेनासं होतं.

भात, भाजी, मासा

आर्सेनिकचं भाताशी जवळचं नातं आहे. खाचरात पाणी साचून असतं, मातीत हवा राहत नाही, आणि अशा मातीत आर्सेनिक सुटं होऊन पाण्यात येतं. भाताचं रोप सिलिका ओढतं त्याच वाटेनं तेही ओढून घेतं. कोंड्यात ते जास्त साठतं, म्हणून हातसडीच्या किंवा ब्राऊन तांदळात पांढऱ्यापेक्षा जास्त असतं. मोठ्यांसाठी ब्राऊन राइस चांगला असेल, वर्षाच्या आतल्या बाळाला तो हट्टाने देण्यात अर्थ नाही.

आपला इंद्रायणी किंवा आजरा घनसाळ सोडून द्या असं मी म्हणणार नाही. भरपूर पाण्यात भात शिजवून पाणी काढून टाकलं की बरंचसं आर्सेनिक त्या पाण्याबरोबर जातं. गंमत अशी की भात वेळल्यावर उरलेलं तेच पाणी ‘ताकदीचं’ म्हणून आपण बाळाला पाजतो. वेळलेलं पाणी नको, मऊ शिजवलेला भात द्या. आणि तिन्ही वेळा भात देऊ नका. चंदगड, भुदरगड, राधानगरी, शाहूवाडीच्या डोंगरउतारावरची नाचणी खाचरात उभी नसते, त्यामुळे हा प्रश्न तिला फारसा नाही, वर शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे. ज्वारी, मूग, रवा, नाचणी आलटून पालटून दिलं की कुठल्याच एका पिकातला धातू साठत जात नाही. या बाबतीत आजीपक्ष बरोबर होता, फक्त कारण वेगळं होतं.

कॅडमियम फॉस्फेट खतांतून, सांडपाण्यातून जमिनीत जातं आणि पालेभाज्या, कंदमुळं, कोको यांतून आपल्यात येतं. मूत्रपिंडात वर्षानुवर्षं राहतं. पालक-मेथी म्हणून बंद करू नका. नाल्याच्या पाण्यावर पिकलेली आहे हे माहीत असेल तर ती मात्र नको. पुरानंतर भाजीला चिकटलेला गाळ वाहत्या पाण्याखाली धुवा, कंदमुळं सोलून घ्या. घाटाखालून येणाऱ्या मासळीत बांगडा, तारली, मांदेली मुलांना खुशाल द्या. लहान मासा, कमी पारा. सुरमई मोठी आणि दुसरे मासे खाऊन वाढणारी, म्हणून ती कधीतरी.

अन्न सोडून येणारं शिसं

शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथं काम करणाऱ्या घरांसाठी एक वेगळी सूचना. तांब्या-पितळेचं, गनमेटलचं ओतकाम, बॅटरीची दुरुस्ती, डाग देणं, जुना रंग खरवडणं, यांत शिशाची धूळ होते. ती कपड्यांवर, केसांत, दुचाकीच्या सीटवर बसून घरी येते. दारात येताच मूल उचलून घ्यायचा मोह आवरा. आधी कपडे बदला, हातपाय धुवा, आणि ते कपडे बाळाच्या दुपट्यांबरोबर भिजवू नका. हुपरीकडे घरातच चांदीचं काम चालतं तिथं भट्टीची जागा आणि रांगणाऱ्या मुलाची जागा यांच्यामध्ये निदान एक भिंत हवी.

सुरमा डोळ्यात घालू नका, तो बऱ्याचदा शिशाचाच असतो. ‘भस्म’ असलेली औषधं मुलाला वैद्याच्या चिठ्ठीशिवाय नकोत. नागभस्म म्हणजे शिशाचंच भस्म. २००४ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन भागात विकली जाणारी ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं. बाळगुटीतलं वेखंड, जायफळ सहाणेवर उगाळणं हा वेगळा विषय, पण त्यातलं हळकुंडही मघाच्याच परीक्षेतून जाऊ द्या.

रिकाम्या जागेवर शिसं बसतं

आता ज्या गोष्टीकडे सगळ्यात कमी लक्ष जातं ती. आतड्यात लोह आत घेणारा जो वाहक आहे, तोच शिशालाही आत घेतो. अंगात लोह कमी पडलं की शरीर हे वाहक वाढवतं, आणि मग लोहाच्या शोधात शिसंही जास्त ओढलं जातं. म्हणजे दोन मुलांनी एकाच पातेल्यातलं एकच वरण खाल्लं तरी लोहाच्या कमतरतेनं रक्तक्षय झालेल्या मुलाच्या रक्तात शिसं जास्त जाईल. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आहे. माझ्या मते या लेखातला सगळ्यात काळजीचा आकडा हाच आहे, १००० पीपीएमवाला नव्हे. भेसळीची हळद सगळ्यांच्या घरात नसते.

म्हणून आशाताई लोहाचं सिरप देतात ते फळीवर पडू देऊ नका. आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. शौच काळी होते, घाबरू नका. मटण करणाऱ्या घरात मुलाला ‘अळणी पाणी’ पाजतात आणि फोडी मोठ्यांच्या ताटात जातात. लोह बहुतांश फोडीत राहतं, पाण्यात नाही. चांगला शिजवलेला खिमा कुस्करून द्या. शाकाहारी घरात डाळ-पालेभाजीवर लिंबू पिळा, लोह जास्त शोषलं जातं. आणि सकाळचा चहा-बटर! दोन वर्षांच्या पोराला बशीत चहा ओतून द्यायची आपली लाडाची पद्धत आहे, ती लोहाच्या मुळावर येते. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं दूध उत्तम, त्यातलं कॅल्शियम शिशाच्या आडही येतं, पण दूध भरमसाट झालं की जेवण कमी होतं आणि लोह पुन्हा घसरतं. वर्षाच्या आत तर वरच्या दुधावर बाळाला ठेवूच नये. उपाशी पोटी शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून थोडं-थोडं, वेळेवर.

हीच गोष्ट गरोदर बाईची. तिच्या लहानपणी हाडात साठलेलं शिसं गरोदरपणात कॅल्शियमबरोबर सुटून बाळाकडे जाऊ शकतं. कॅल्शियमच्या गोळ्या ‘उष्ण पडतात’ म्हणून टाळू नयेत.

तपासणी करावी का?

सरसकट प्रत्येक मुलाची नको. पण मूल माती, चुना, भिंतीचे पोपडे खात असेल, घरातलं कुणी वर सांगितलेल्या कामात असेल, किंवा लोह देऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना ‘ब्लड लेड’ विचारा. शिरेतून घेतलेल्या रक्ताची चाचणी करा. बोटातून थेंब घेतला तर कातडीवरची धूळच आकडा फुगवते. केसांची तपासणी करून ‘धातूंचा रिपोर्ट’ देणाऱ्यांकडे जाऊ नका, आणि ‘डिटॉक्स’ विकणाऱ्यांकडे तर मुळीच नाही. अंगातून शिसं काढणारी खरी औषधं असतात, पण ती रक्तात डेसिलिटरला साधारण ४५ मायक्रोग्रॅमच्या पुढे, दवाखान्यात, देखरेखीखाली.

अमेरिकेत ३.५ मायक्रोग्रॅमला डॉक्टर लक्ष घालू लागतात. तुमच्या मुलाचा आकडा पाच, सात, दहा असा आला, तर औषध नाही, शोध. हळद बदला, भांडं बदला, कामाचे कपडे वेगळे करा, लोह तपासा. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं, मात्र हाडात साठलेलं हळूहळू परत रक्तात येत राहतं, त्यामुळे एक-तीन महिन्यांनी पुन्हा तपासताना आकडा थोडाच उतरला तरी दिशा कळते. उतरलाच नाही तर स्रोत अजून घरात आहे. भावंडांचंही रक्त त्याच वेळी तपासून घ्या, आणि हळदीचा किंवा भांड्याचा संशय पक्का असेल तर उरलेला माल फेकू नका. पाकीट आणि पावतीसह अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात न्या, कारण त्याच पोत्यातली हळद गल्लीतल्या आणखी दहा घरांत गेलेली असते.